‘तुमचं नंतर बघू’ : न्यूयॉर्कमधल्या एका समानता कायद्याचं प्रकरण

१७ डिसेंबर २००२ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटने एक भेदभावविरोधी विधेयक ३४ विरुद्ध २६ मतांनी मंजूर केलं आणि राज्यपाल जॉर्ज पटाकी यांनी त्याच दिवशी त्यावर सही केली. नोकरी, घर, शिक्षण, कर्ज, हॉटेल-दुकानांसारख्या सार्वजनिक जागा, यांपैकी कुठेही माणसाच्या लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही, असं हा कायदा सांगत होता. लैंगिक कल म्हणजे काय, तेही त्यात लिहिलं होतं : भिन्नलिंगी, समलिंगी, उभयलिंगी आणि अलैंगिक. माणूस खरोखर तसा असो, की समोरच्याने तसा समज करून घेतलेला असो, दोन्हीला संरक्षण.

ही व्याख्या पुन्हा वाचून पाहा. अलैंगिक माणसांचं नावही तेव्हा फारसं कुणी घेत नव्हतं, आणि न्यूयॉर्कच्या मसुद्याने त्यांची आठवण ठेवली होती. ज्याच्याबद्दल नुसता संशय आहे त्याचीही सोय केली होती. इतक्या बारकाईने लिहिलेल्या मसुद्यात ट्रान्सजेंडर माणसांसाठी मात्र एक शब्द नव्हता. हा विसराळूपणा नव्हता. वर्षभर त्यावर भांडण झालं होतं, विनवण्या झाल्या होत्या, आणि शेवटी त्यांना सांगण्यात आलं होतं की आधी एवढं पदरात पाडून घेऊ, तुमचं नंतर बघू. ते ‘नंतर’ यायला २०१९ उजाडलं.

या पहिल्या कायद्याचं इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव सोंडा, आणि दुसऱ्याचं, म्हणजे ट्रान्सजेंडर माणसांना संरक्षण देणाऱ्या २०१९ च्या कायद्याचं, जेंडा. (मराठी कानाला पहिल्यात सोंड ऐकू येते आणि दुसऱ्यात झेंडा. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ही म्हण इथे आपोआप आठवते, कारण झालं तसंच.) राज्य पातळीवर समानतेचा कायदा करून घेणं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे समजून घ्यायला हे प्रकरण मला २०११ च्या गाजलेल्या समलिंगी विवाह कायद्यापेक्षाही जास्त उपयोगाचं वाटतं. विवाहाच्या लढाईत विरोधक समोर उभे होते. इथे खरा पेच आपल्याच माणसांत होता.

तीन माणसं, एक खोली

न्यूयॉर्क राज्याची राजधानी अल्बनी. न्यूयॉर्क शहरापासून उत्तरेला, हडसन नदीच्या काठावर. विधिमंडळाची दोन सभागृहं : दीडशे सदस्यांची असेंब्ली आणि तिच्या निम्म्याहूनही लहान सिनेट. त्या काळात असेंब्ली डेमोक्रॅटिक पक्षाकडे आणि सिनेट रिपब्लिकन पक्षाकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षं पक्की होती. अल्बनीच्या राजकारणाबद्दल एक वाक्प्रचारच रूढ आहे : ‘एका खोलीतली तीन माणसं’. राज्यपाल, असेंब्लीचे अध्यक्ष आणि सिनेटमधले बहुमताचे नेते. हे तिघे बसून ठरवतात, बाकीचे सभागृहात येऊन बटणं दाबतात.

यातली मेख अशी की एखाद्या विधेयकाच्या बाजूने सिनेटमध्ये पुरेशी मतं असली तरी बहुमताच्या नेत्याने ते मतदानाला आणलंच नाही, तर त्या मतांना काडीची किंमत नाही. लैंगिक कलाच्या विधेयकाचं नेमकं हेच झालं होतं. ते पहिल्यांदा मांडलं गेलं १९७१ मध्ये. असेंब्लीने ते पहिल्यांदा मंजूर केलं १९९३ मध्ये, आणि नंतरही करत राहिली. सिनेटमध्ये ते दाराबाहेरच बसून राहायचं. २००० साली द्वेषमूलक गुन्ह्यांचा कायदा झाला तेव्हा त्यात लैंगिक कलाचा समावेश झाला. लिंगओळखीचा, म्हणजे माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो याचा, तिथेही झाला नाही, हे नोंदवून ठेवायला हवं. गाळण्याची सवय तिथेच लागली.

२००२ मध्ये सिनेटच्या दाराची किल्ली जोसेफ ब्रूनो यांच्याकडे होती. अल्बनीजवळच्या रेन्सेलर काउंटीतले जुने, मुरलेले रिपब्लिकन नेते. त्यांना हलवू शकेल असा माणूस एकच : त्यांच्याच पक्षाचे राज्यपाल पटाकी, जे त्या वर्षी तिसऱ्यांदा निवडणूक लढवत होते.

इथे एम्पायर स्टेट प्राइड अजेंडा ही संस्था चित्रात येते. १९९० मध्ये स्थापन झालेली ही राज्यातली सगळ्यात वजनदार समलिंगी हक्क संघटना. तिचे कार्यकारी संचालक होते मॅट फोरमन. त्यांनी जे केलं ते धाडसाचं होतं, आणि अनेकांच्या दृष्टीने बेशरमपणाचंही. पटाकींच्या विरोधात डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्ल मॅक्कॉल उभे होते, एका मोठ्या पक्षाने न्यूयॉर्कच्या राज्यपालपदासाठी उभा केलेला पहिला कृष्णवर्णीय उमेदवार. समलिंगी हक्कांना त्यांचा विरोध नव्हता. तरीही प्राइड अजेंडाने पाठिंबा जाहीर केला पटाकींना. हिशोब सरळ होता : मॅक्कॉल निवडून आले तरी ब्रूनोंचं दार बंदच राहील, पटाकी निवडून येणारच आहेत, तर त्यांच्यावर आपलं ऋण असू दे. पटाकी जिंकले. दीड महिन्यात विधेयक मतदानाला आलं.

राजकारणाची कला म्हणून पाहिलं तर ही खेळी अव्वल दर्जाची आहे. एकतीस वर्षं अडलेलं काम एका पाठिंब्याच्या पत्राने मोकळं झालं. प्रश्न असा की ज्या मसुद्यासाठी हा सौदा झाला तो मसुदा कुणाचा होता?

मृत्युशय्येवरची बैठक

ट्रान्सजेंडर कार्यकर्ती सिल्व्हिया रिव्हेरा हिचं नाव १९६९ च्या स्टोनवॉल उठावाशी, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या एका बारवरच्या पोलिसी छाप्याविरुद्ध झालेल्या उठावाशी, जोडलं जातं. पण तिचं कायद्याशी असलेलं नातं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलमध्ये समलिंगी हक्कांचं पहिलं विधेयक आलं, तेव्हा त्यासाठी रस्त्यावर सह्या गोळा करताना तिला अटक झाली होती. याच विधेयकावर सिटी हॉलमध्ये बंद दाराआड बैठक चालू असताना झगा आणि उंच टाचांचे बूट घालून भिंतीवर चढून आत शिरायचा प्रयत्न तिने केला, आणि त्यातही तिला अटक झाली. पुढे त्या विधेयकाला मतं मिळावीत म्हणून पुरस्कर्त्यांनी तडजोड केली आणि दुसऱ्या लिंगाचा पेहराव करणाऱ्यांच्या प्रश्नापासून अंग काढून घेतलं. थोडक्यात, जिने भिंत चढली तिलाच वगळलं. शहराचा तो कायदा शेवटी १९८६ मध्ये मंजूर झाला.

२००२ च्या फेब्रुवारीत रिव्हेरा यकृताच्या कर्करोगाने मॅनहॅटनमधल्या रुग्णालयात शेवटच्या घटका मोजत होती. तिथे तिने प्राइड अजेंडाच्या नेत्यांना बोलावून घेतलं आणि सोंडात ट्रान्सजेंडर माणसांचा समावेश करा, म्हणून त्यांच्याशी वाटाघाटी केल्या. तीस वर्षांपूर्वीचीच मागणी, फक्त इमारत बदललेली. १९ फेब्रुवारीला ती गेली. मसुदा बदलला नाही.

तिची मागणी हवेतली नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी शहराच्या मानवी हक्क कायद्यात लिंगओळखीचा समावेश करणाऱ्या दुरुस्तीवर सही केली. त्यासाठी झटणारी संघटना, न्यूयॉर्क असोसिएशन फॉर जेंडर राइट्स अ‍ॅडव्होकसी, १९९८ मध्ये उभी राहिलेली, पॉलीन पार्क यांच्यासारख्या मोजक्या कार्यकर्त्यांची, पैशाने किरकोळ. तिने चार वर्षांत शहराचा कायदा बदलून घेतला. राज्यात रॉचेस्टर आणि बफेलोसारख्या शहरांनीही हे पाऊल उचललं होतं. आणि मिनेसोटा राज्याने तर १९९३ मध्येच लैंगिक कल आणि लिंगओळख दोन्ही एका कायद्यात बसवले होते. त्यामुळे ‘कुठल्याही राज्यात हे शक्य नाही’ असं कुणी म्हणू शकत नव्हतं. म्हणायचं झालं तर ‘अल्बनीत, या सिनेटमध्ये, या वर्षी शक्य नाही’ एवढंच.

आणि प्राइड अजेंडाचं म्हणणं हेच होतं. ते मी पूर्ण मांडतो, कारण ते पोकळ नव्हतं. ब्रूनो तयार झाले ते एका विशिष्ट मजकुरावर मतदान घ्यायला. असेंब्लीने तोच मजकूर मंजूर केलेला होता. दोन्ही सभागृहांत शब्दन् शब्द तोच मसुदा मंजूर व्हावा लागतो. सिनेटने एक ओळ जरी वाढवली तरी विधेयक पुन्हा असेंब्लीकडे जाणार, वर्ष संपायला दोन आठवडे उरलेले, आणि नव्या वर्षी नवं सभागृह, नवा श्रीगणेशा. शिवाय रिपब्लिकन सदस्यांना गळाला लावताना एकेक मत मोजून घेतलेलं. नव्या शब्दावर त्यातली चार जरी गळाली तरी सगळंच बुडालं. हातातोंडाशी आलेला घास, आणि तोही एकतीस वर्षांनी.

टॉम ड्युएन यांनी हे सगळं माहीत असूनही मतदानाच्या दिवशी दुरुस्ती मांडली. ड्युएन हे सिनेटमधले पहिले उघडपणे समलिंगी सदस्य. म्हणजे या कायद्याने ज्यांना थेट संरक्षण मिळणार होतं, त्यांच्यापैकीच एक. व्याख्येत लिंगओळख आणि लिंगअभिव्यक्तीही (ती ओळख कपड्यांतून, वागण्यातून दिसणं) घाला, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्ती फेटाळली गेली, मूळ विधेयक मंजूर झालं, आणि लैंगिक कलावरून भेदभावाला बंदी घालणारं न्यूयॉर्क हे तेरावं राज्य ठरलं.

तडजोडीतलं भोक

वगळण्याचा तोटा फक्त ट्रान्सजेंडर माणसांना होतो, असं सौदा करणारे गृहीत धरून चालले होते. तिथे त्यांची गफलत झाली असं मला वाटतं. मालक एखाद्याला कामावरून काढतो तो त्याच्या शयनकक्षात डोकावून काढत नाही. तो बघतो चालणं, बोलणं, हातवारे, केसांची ठेवण, कपडे. बायकी वाटणारा पुरुष, पुरुषी वाटणारी बाई. आता कायदा म्हणतो की समलिंगी आहे म्हणून काढता येणार नाही. मालकाचा वकील म्हणणार : साहेब, तो समलिंगी आहे की नाही याच्याशी आमचं देणंघेणं नाही, गिऱ्हाइकांना त्याची वागण्याची ढब खटकते एवढंच. लिंगअभिव्यक्ती हा शब्द कायद्यात नसेल तर ही पळवाट समलिंगी माणसाविरुद्धही उघडी राहते. तेव्हाच्या टीकाकारांनी हे सांगितलं होतं. ट्रान्सजेंडरांना आत घेणं हा त्यागाचा भाग नव्हता, स्वतःच्या घराचं छप्पर नीट शाकारून घेण्याचा होता.

आपल्याकडे क्रम उलटा झाला, हे इथे जाता जाता सांगायला हवं. २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात, ज्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही पक्षकार होत्या, सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हे ठरायला २०१८ यावं लागलं. २०१९ मध्ये संसदेने ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी कायदा केला, ज्याच्यावर खुद्द त्या समुदायाचे गंभीर आक्षेप होते. तर भाड्याने घर नाकारणाऱ्या खासगी घरमालकाला लैंगिक कलाच्या मुद्द्यावर अडवेल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे झालेला नाही. न्यूयॉर्कमध्ये जे आधी आत गेले ते आपल्याकडे बाहेर राहिले. त्यामुळे या प्रकरणातला कोणता पक्ष ‘आपला’, हे मराठी वाचकाने घाईने ठरवू नये.

‘नंतर’चं काय झालं

२००३ मध्ये जेंडा मांडला गेला. असेंब्लीत रिचर्ड गॉटफ्रीड यांनी त्याची धुरा घेतली. २००८ मध्ये असेंब्लीने तो पहिल्यांदा मंजूर केला. मग सोंडाचाच जुना खेळ पुन्हा सुरू : असेंब्ली मंजूर करणार, सिनेटमध्ये तो पडून राहणार.

मधल्या काळात सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ता आली, अगदी काठावरची. आता अडचण काय? २०१० च्या जूनमध्ये जेंडा न्याय समितीपुढे आला आणि १२ विरुद्ध ११ असा पडला. सगळे रिपब्लिकन विरोधात, आणि त्यांच्या जोडीला ब्रॉन्क्सचे रुबेन डियाझ, पेंटेकोस्टल पाद्री असलेले डेमोक्रॅट. एका मताने. सत्ता आपली असली की काम होतं, हा समज त्या दिवशी धुळीला मिळाला. विरोधकांचा मुद्दा तोच, जो नंतर अमेरिकेत सगळीकडे ऐकू आला : स्त्रियांच्या स्वच्छतागृहात कोण शिरणार?

तोवर चळवळीचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की समलिंगी विवाह हा विधिमंडळाचा विषय आहे, तिथे जा. पुढची पाच वर्षं पैसा, स्वयंसेवक, देणगीदारांच्या जेवणावळी, सगळं विवाहाच्या मागे लागलं. २००९ मध्ये सिनेटने विवाहाचं विधेयक ३८ विरुद्ध २४ ने पाडलं. २४ जून २०११ ला तेच ३३ विरुद्ध २९ ने मंजूर झालं. चार रिपब्लिकन सदस्यांनी बाजू बदलली. त्यांना निवडणुकीत सांभाळून घेण्यासाठी धनाढ्य देणगीदारांची फळी उभी राहिली होती, खुद्द रिपब्लिकन पक्षाला पैसा देणारे वॉल स्ट्रीटवरचे गुंतवणूकदारही त्यात होते.

यातला फरक बोचरा आहे. विवाहासाठी एकेका सिनेटरचं मन वळवायला माणसं आणि पैसा होता. जेंडासाठी तसं कुणी नव्हतं. बेकारी, बेघरपणा आणि पोलिसांचा जाच सोसणाऱ्या समुदायाकडे देणगीदारांची फळी असणार कुठून? २००२ मध्ये ते एका मोठ्या गाडीत बसून पोचू शकले असते. गाडी त्यांना फाट्यावर उतरवून पुढे गेली, आणि परत न्यायला आली नाही.

अगदीच काही झालं नाही असं नाही. राज्यपाल डेव्हिड पॅटरसन यांनी २००९ मध्ये राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांपुरतं संरक्षण आदेशाने दिलं. २०१० मध्ये शाळांमधल्या छळाविरुद्धचा कायदा झाला, आणि लिंगओळख हा शब्द राज्याच्या कायद्यात पहिल्यांदा आला तो असा, शाळेच्या दाराने. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यपाल अँड्र्यू क्युमो यांनी जाहीर केलं की मानवी हक्क कायद्यातल्या ‘लिंग’ आणि ‘अपंगत्व’ या शब्दांमध्येच ट्रान्सजेंडर व्यक्तींना सामावून घेणारे नियम सरकार काढेल. काही न्यायालयांनी आधीच तसा अर्थ लावला होता. नियम २०१६ च्या जानेवारीत लागू झाले.

नियम आणि कायदा यांतला फरक सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या कुणालाही सांगावा लागत नाही. नियम पुढचा राज्यपाल फिरवू शकतो. न्यायालय म्हणू शकतं की या शब्दाचा एवढा ताणून अर्थ होत नाही. शिवाय द्वेषमूलक गुन्ह्यांच्या कायद्याला हे नियम लागू नव्हते. आणि तरीही डिसेंबर २०१५ मध्ये प्राइड अजेंडाने जाहीर केलं की आपली मुख्य उद्दिष्टं साध्य झाली आहेत, संस्था आता बंद करत आहोत. जेंडा तेव्हाही सिनेटमध्ये पडूनच होता. एखाद्या संस्थेच्या समारोपाच्या पत्रकात इतकं मोठं भगदाड मी दुसरं वाचलेलं नाही.

जेंडा शेवटी पुढे सरकला तो मन वळवून नव्हे, तर माणसं बदलून. सिनेटमध्ये काही डेमोक्रॅट वेगळा गट करून रिपब्लिकनांशी सत्तेची वाटणी करत होते. २०१८ च्या सप्टेंबरात पक्षांतर्गत निवडणुकीत मतदारांनी त्या आठांपैकी सहांना घरी बसवलं. नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाला भक्कम बहुमत मिळालं आणि अँड्रिया स्टुअर्ट-कझिन्स बहुमताच्या नेत्या झाल्या. त्या पदावरची पहिली कृष्णवर्णीय स्त्री. खोलीतली माणसं बदलली. अधिवेशन सुरू होऊन पुरता आठवडाही झाला नव्हता तोच, १५ जानेवारी २०१९ ला, दोन्ही सभागृहांनी जेंडा मंजूर केला. २५ जानेवारीला क्युमोंनी सही केली. त्याच वेळी अल्पवयीन मुलांची लैंगिकता ‘बदलण्याचे’ तथाकथित उपचार करण्यावर बंदी घालणारा कायदाही झाला.

सौद्याचा भाव

२००२ चा सौदा करायला नको होता का? मी बराच वेळ हे उलटसुलट करून पाहिलं. बफेलोजवळच्या एखाद्या कारखान्यातल्या समलिंगी कामगाराला सोळा वर्षं संरक्षण मिळालं, हे खरं आहे आणि ते लहान नाही. सगळं किंवा काहीच नको, असं म्हटलं असतं तर कदाचित त्यालाही २०१९ पर्यंत थांबावं लागलं असतं. उपाशी माणसाला अर्धी भाकर नाकारायला सांगणारा स्वतः जेवलेला असतो, हे मला मान्य आहे.

पण अर्धी भाकर घेताना उरलेल्या अर्ध्याची लेखी चिठ्ठी घ्यायची असते, ती प्राइड अजेंडाने घेतली नाही. पटाकींना पाठिंबा हवा होता तेव्हा त्यांच्याकडून एका मतदानाचं वचन मिळवलं. दुसऱ्या मतदानाचं वचन मागितल्याची खूण पुढच्या घटनांत कुठे दिसत नाही. देणगीदारांपुढेही ‘जेंडा होईपर्यंत दुसरा विषय नाही’ असं कुणी म्हटलं नाही. विवाह आला आणि सगळे तिकडे धावले. ज्यांना थांबायला सांगितलं त्यांच्या हातात, थांबवणाऱ्यांना जाब विचारण्यासाठी, काहीच ठेवलं गेलं नाही. २००७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये हेच घडलं : संघराज्य पातळीवरच्या रोजगार विधेयकातून लिंगओळख काढून प्रतिनिधीगृहाने ते मंजूर केलं. तीनशेहून जास्त संघटनांनी त्याला जाहीर विरोध केला, आणि विधेयक सिनेटमध्ये मेलं ते मेलंच. अर्धी भाकरही हाती आली नाही.

‘नंतर’ किती लांबू शकतं, याला विस्कॉन्सिनइतकं बोलकं उदाहरण नाही. लैंगिक कलावरून भेदभावाला बंदी घालणारं अमेरिकेतलं ते पहिलं राज्य, १९८२ मध्ये. त्याचं कौतुक आजही होतं. त्या राज्याच्या कायद्यात लिंगओळख हा शब्द चार दशकं उलटल्यावरही आलेला नाही.

न्यूयॉर्कमध्ये जेंडा मंजूर झाला त्या दिवशी असेंब्लीत गॉटफ्रीड हजर होते, विधेयकाचे पुरस्कर्ते म्हणून. ते पहिल्यांदा त्या सभागृहात आले जानेवारी १९७१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. लैंगिक कलाचं पहिलं विधेयक राज्यात मांडलं गेलं ते त्याच वर्षी. जेंडा झाला तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते.